करारातला गैरहजर माणूस

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मरणार्थ चाळीसगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाबासाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात कंपन्यांच्या वकिलांविषयी बोलायचे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. बाबासाहेब म्हटले की संविधान, महाड, काळाराम मंदिर, येवल्याची घोषणा डोळ्यांपुढे उभी राहते. पण १९२५ ते १९२८ या काळात हेच बॅरिस्टर आंबेडकर मुंबईच्या बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते. करार, भागीदारी, हुंडी, माल विक्री हे त्या कायद्याचे विषय. आज ज्याला आपण कॉर्पोरेट लॉ म्हणतो, त्याचा पाया तोच आहे. व्यापारात कायदा कसा चालतो हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्याआधी शेअर-व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक थांबले.

चाळीसगावशी जडलेले नाते तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. गोष्ट ऑक्टोबर १९२९ची. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते आणि खान्देशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे आले होते. काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे लाईनवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करायची होती. त्या गावी जाऊन त्यांनी परिस्थिती समजून घेतली आणि पुढच्या गाडीने ते इथे परत आले. स्टेशनावर टांगे पुष्कळ होते, पण अस्पृश्य उतारू बसवून टांगा हाकायला कोणीच तयार होईना. अखेर टांगा मिळाला आणि हाकायला वस्तीतलाच एक माणूस बसला, ज्याला ती सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर टांगा उलटला, घोडा खाली कोसळला, बाबासाहेब दगडावर आपटले आणि त्यांचा पाय मोडला.

जातिव्यवस्थेबद्दल ही घटना काय सांगते, हे या सभागृहाला मी सांगायला नको. मला त्या दिवसाच्या पहिल्या भागाकडे लक्ष वेधायचे आहे. बहिष्काराची बातमी त्यांच्याकडे आलेली होती, समितीचा अहवाल ती ऐकीव बातमी धरूनही लिहिता आला असता. त्यांनी गाडी बदलली, त्या गावी गेले, ज्यांच्यावर तो निर्णय कोसळला होता त्यांना भेटले. वकिलाच्या व्यवसायनीतीचा हा पहिला धडा आहे असे मी मानतो: आपल्या लेखणीचा परिणाम ज्याच्यावर होणार, त्याला पाहून घ्यावे. कंपन्यांच्या वकिलीत नेमके हेच होत नाही. माझ्या व्यवसायाची बहुतेक वर्षे कंपन्यांचे करार लिहिण्यात गेली, म्हणून हे मी बाहेरून सांगत नाही.

प्रथम ही वकिली काय असते ते थोडक्यात सांगतो. चाळीसगावच्या न्यायालयात आपण जो वकील पाहतो, तो बाजू मांडतो. समोर दुसरा वकील असतो, वर न्यायाधीश असतात. कंपनीचा वकील न्यायालयाची पायरी क्वचितच चढतो. तो कंपनी स्थापन करतो, दोन कंपन्यांचे विलीनीकरण करतो, कर्जाचे दस्तऐवज लिहितो, जमिनीचे भाडेपट्टे तयार करतो, सरकारशी वीज किंवा रस्त्याचा करार करतो. त्याचे यश निकालात दिसत नाही. वीस वर्षांनी वाद उभा राहिला, तर आपल्या अशिलाला कोणते कलम वाचवील याची तजवीज त्याने आजच करून ठेवलेली असते.

वकिलाने आपल्या पक्षकाराची बाजू निर्भयपणे आणि सर्व न्याय्य, सन्मान्य मार्गांनी लढवावी, असे भारतीय वकील परिषदेचे नियम सांगतात. ते योग्यच आहे. खुनाच्या आरोपीलाही वकील मिळाला पाहिजे. पण हा एकतर्फीपणा समाज का सहन करतो? कारण समोर तितकाच एकतर्फी दुसरा वकील असतो आणि दोघांचे ऐकून निर्णय देणारा तिसरा माणूस असतो. सत्य त्या तिघांच्या मिळून हाती लागेल, असा त्यामागचा विश्वास आहे. आता करारनाम्याच्या टेबलाकडे पाहा. तिथे न्यायाधीश नसतो. समोर अनेकदा वकीलही नसतो. ज्याचे आयुष्य त्या कागदाने बांधले जाणार, तो कित्येकदा टेबलाशीच नसतो. न्यायालयातल्या वकिलाला जी मोकळीक न्यायाधीश असल्यामुळे मिळाली, ती न्यायाधीश नसलेल्या खोलीत तशीच्या तशी उचलून नेता येत नाही. जिथे न्यायाधीश नाही, तिथे त्याच्या जबाबदारीचा काही भाग लिहिणाऱ्या वकिलाने उचलला पाहिजे. आजच्या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचे सगळे त्याच्या पुष्ट्यर्थ.

महाराष्ट्राच्या आठवणीतला सर्वांत मोठा करार घेऊ. ८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात वीज खरेदीचा करार झाला. दाभोळ कंपनी ही अमेरिकेतल्या एन्रॉनची. हा प्रकल्प राज्याच्या गरजेच्या मानाने फार मोठा आहे आणि आर्थिकदृष्ट्या पेलणारा नाही, असे सांगून जागतिक बँकेने त्याच वर्षी कर्ज नाकारले होते. तरीही करार झाला, मुदत वीस वर्षांची. मंडळाने वीज उचलो वा न उचलो, वीजकेंद्र ठरलेल्या प्रमाणात सज्ज असेल तर स्थिर आकार द्यायचा. आकार डॉलरशी बांधलेला, म्हणजे रुपया घसरला की बिल वाढणार. मंडळ चुकले तर राज्य सरकारची हमी, राज्य चुकले तर केंद्र सरकारची प्रतिहमी. वाद झाल्यास लवाद लंडनला.

या कलमांपैकी एकही कलम बेकायदा नव्हते. जगभरच्या प्रकल्प-करारांत अशी कलमे असतात आणि कर्ज देणाऱ्या बँका ती मागतातही. प्रत्येक कलमामागे एखादा हुशार वकील होता आणि त्याने आपल्या अशिलाचे काम चोख केले. पण ती सगळी एका दोरीत ओवली, तेव्हा विनिमय दराची, मागणीची, इंधनाची जोखीम टेबलाशी नसलेल्या माणसाच्या डोक्यावर येऊन बसली. तो माणूस म्हणजे वीज मंडळाचा ग्राहक: चाळीसगावचा पिठगिरणीवाला, पाचोऱ्याचा यंत्रमागवाला, गिरणाकाठी रात्रीच्या भारनियमनात मोटार चालू व्हायची वाट पाहणारा शेतकरी.

त्या माणसाला करार वाचायला मिळाला का? बराच काळ नाही. करार गोपनीय होता. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतल्या अभ्यासकांनी कलमे आणि आकडे एकत्र मांडून लोकांना समजेल असे विश्लेषण केले. ते अभियंते होते, कार्यकर्ते होते. कायद्याच्या व्यवसायाने जे करायला हवे होते, ते त्यांनी केले. इकडे एन्रॉनच्या एका अधिकारी बाईंनी १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले की भारतीयांना या प्रकल्पाचे शिक्षण देण्यावर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. एका बाजूला तयारीवर इतका खर्च करण्याची ऐपत आणि दुसऱ्या बाजूला कराराची प्रतही नाही. या दोघांमधल्या कागदाला दोन समान पक्षांचा खुशीचा करार म्हणणे कायद्याने शक्य असेल, न्यायाने शक्य नाही.

पुढचा इतिहास आपण जगलो आहोत. १९९५ मध्ये नव्या युती सरकारने करार रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी होऊन तो नव्याने आणि अधिक मोठा झाला. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि थोड्याच काळात त्या विजेची बिले मंडळाला झेपेनाशी झाली. २००१ मध्ये माधव गोडबोले समितीचा अहवाल आला, त्याच वर्षी मे महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबवले. २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉननेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

एन्रॉनच्या त्या शेवटच्या महिन्यांत वकिलांचे जे झाले, ते प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवले पाहिजे. ऑगस्ट २००१ मध्ये शेरॉन वॉटकिन्स या एन्रॉनच्या अधिकारी बाईंनी अध्यक्षांना पत्र लिहून कळवले की हिशेबांत गंभीर गडबड आहे. चौकशी विन्सन अँड एल्किन्स या आपल्या नेहमीच्या वकील संस्थेकडे देऊ नका, कारण यातल्या काही व्यवहारांचे काम तिनेच केले आहे, असेही त्यांनी बजावले होते. चौकशी त्याच संस्थेकडे गेली. हिशेबपद्धती योग्य की अयोग्य यात शिरायचे नाही, अशी मर्यादा आधीच आखून घेतली गेली. ऑक्टोबरच्या मध्याला निष्कर्ष आला: आणखी व्यापक चौकशीची आवश्यकता दिसत नाही. त्यानंतर दोन महिनेही न उलटता कंपनी कोसळली. हजारो कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी एन्रॉनच्याच शेअर्समध्ये होती, ती बुडाली.

त्या वकिलांनी खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. जेवढे विचारले तेवढ्याचे उत्तर त्यांनी दिले. व्यवसायनीतीचा प्रश्न तिथेच उभा राहतो. विचारायला नको तो प्रश्न कोणता, हे अशिलाने ठरवायचे आणि वकिलाने ते मान्य करून त्यावर आपल्या प्रतिष्ठेची मोहोर उठवायची, याला सल्ला म्हणता येणार नाही. अमेरिकेने २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा केला. त्याच्या कलम ३०७ नुसार सूचीबद्ध कंपनीच्या वकिलाला गैरप्रकाराचा पुरावा दिसला, तर तो त्याने कंपनीच्या मुख्य विधी अधिकाऱ्याला किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला कळवायचा, तिथे योग्य दाद लागली नाही तर संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीपर्यंत न्यायचा.

आपल्याकडे काय आहे? कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४३(१२) ने हिशेब तपासनिसावर मोठी अफरातफर केंद्र सरकारला कळवण्याचे बंधन घातले. कंपनीच्या वकिलावर असे बंधन नाही. वकील परिषदेच्या नियमांत मात्र एक मोलाचा नियम आहे. आपला अशील न्यायालयाशी, विरुद्ध वकिलाशी किंवा पक्षकारांशी लबाडीने वागू लागला तर वकिलाने त्याला रोखण्याचा पूर्ण प्रयत्न करावा आणि तो ऐकतच नसेल तर त्याचे वकीलपत्र घेऊ नये, असे तो नियम सांगतो. पण तो न्यायालय डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. करारनाम्याच्या खोलीपर्यंत त्याचा प्रकाश पोहोचवायचा, तर वकिलाने तो आपणहून न्यावा लागतो.

आणि कंपनीत पगारावर असलेल्या वकिलाची स्थिती तर याहून कठीण आहे. वकील परिषदेच्या नियम ४९ प्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणजे तो परिषदेच्या शिस्तीतही राहत नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वकील आणि अशील यांच्यातल्या संभाषणाला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चे जे संरक्षण आहे, ते अशा नोकरदार विधी अधिकाऱ्याला मिळत नाही. कंपनीतली चूक सर्वांत आधी दिसते त्याला. मात्र त्याच्या मागे ना व्यवसायाची संस्था उभी असते, ना गोपनीयतेचे कवच. त्याचा पगार, बढती, मुलांच्या शिक्षणाचे कर्ज, सगळे त्याच अधिकाऱ्याच्या हाती असते ज्याला ‘हे करू नका’ असे सांगायचे आहे. अशा माणसाकडून केवळ धैर्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. संचालक मंडळाच्या स्वतंत्र संचालकांपर्यंत थेट जाण्याची लेखी वाट त्याला मिळाली पाहिजे आणि त्याला काढून टाकायचे असेल तर त्याचे कारण संचालक मंडळापुढे यावे, अशी तरतूद झाली पाहिजे.

आता मुंबई-अमेरिका सोडून आपल्या तालुक्यात येतो. गेल्या काही वर्षांत बोढरे, शिवापूरच्या शिवारांत सौर प्रकल्प उभे राहिले आणि जमिनींच्या व्यवहारांवरून शेतकऱ्यांची गाऱ्हाणीही उभी राहिली. त्या प्रकरणांतल्या खऱ्या-खोट्यावर मी इथे निवाडा देत नाही, ते काम न्यायालयाचे. पण अशा प्रकल्पासाठी जमीन कशी गोळा केली जाते, ते सांगतो.

मोठी कंपनी स्वतः पुढे येत नाही. एका प्रकल्पासाठी एक नवी छोटी कंपनी नोंदवली जाते, तिचे भागभांडवल नाममात्र असते. गावात येतो तो मध्यस्थ. तो इसार देतो, साठेखत करतो, पुष्कळदा स्वतःच्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र घेतो. मुंबई-पुण्याच्या वकिलाकडे पोहोचतो तो सातबारा, फेरफार आणि सूची क्रमांक दोनच्या प्रतींचा गठ्ठा. तो शोध घेतो आणि अहवालात लिहितो: अमुक गटात बहिणींची नावे आहेत, हक्कसोडपत्र घ्यावे. त्याच्या दृष्टीने ती एक त्रुटी असते, पूर्ण केली की संपली. त्या एका ओळीने इकडे काय होते? सासरी नांदणाऱ्या तीन बहिणींना गाडीत बसवून दुय्यम निबंधक कार्यालयात आणले जाते, अंगठे उमटवले जातात, साडी-चोळी देऊन परत पाठवले जाते. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली जो हक्क मुलीला मिळाला, तो त्या एका ओळीच्या पूर्ततेत निघून जातो. वकिलाने बेकायदा काहीच केलेले नसते. त्या तीन बाया त्याने पाहिलेल्याही नसतात.

मग भाडेपट्टा येतो, २५-३० वर्षांचा, इंग्रजीत. जमीन बँकेकडे गहाण ठेवण्याचा आणि पट्टा दुसऱ्या कंपनीला देण्याचा अधिकार कंपनीला. मालकी हक्कात काही दोष निघाला तर भरपाई शेतकऱ्याने द्यायची. वाद झाला तर लवाद मुंबईत. छोटी कंपनी बुडाली तर मोठी कंपनी जबाबदार नाही, कारण कायद्याने ती वेगळी व्यक्ती. आणि दस्ताची प्रत शेतकऱ्याच्या घरात असेलच असे नाही. दाभोळच्या करारात जे प्रचंड आकाराचे होते, तेच इथे दोन एकरांच्या मापाचे आहे. जोखीम ज्याला कमी समजते, त्याच्याकडे ती सरकवली आहे.

दुसरे उदाहरण भोरसचे. बेलगंगा सहकारी साखर कारखाना शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून उभा राहिला, बंद पडला, थकलेल्या कर्जापोटी जिल्हा बँकेच्या ताब्यात गेला आणि विकला गेला. महाराष्ट्रात कितीतरी सहकारी कारखान्यांची हीच वाट झाली. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी तारण जप्त करून विकण्याचा अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला, आणि सहकारी बँकांनाही तो आहे हे मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एका महाराष्ट्रातल्याच प्रकरणात ठरवले. ठेवीदारांचे पैसे वसूल झाले पाहिजेत, यात शंका नाही. पण कोणत्याही कारखान्याच्या अशा विक्रीचा मसुदा लिहिताना कामगारांची थकीत देणी, भविष्य निर्वाह निधी, उसाचे राहिलेले पैसे आणि सभासदांचे भाग कोणत्या कलमात बसले, हे विचारणे वकिलाच्या हातात असते. ‘आहे तिथे, आहे त्या स्थितीत’ एवढे लिहून भागते. त्या शब्दांच्या आत किती संसार गेले, हे लिहिणाऱ्याने विचारले पाहिजे.

तिसरे उदाहरण सांगताना या जिल्ह्यातल्या अनेक घरांचे दुःख माझ्यासमोर आहे. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेत लोकांच्या ठेवी अडकल्या. पुढे अवसायनाच्या काळात थकलेल्या ठेवीदारांकडून ठेवपावत्या पडत्या भावाने घेऊन त्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण किमतीला वळत्या केल्या गेल्या, असा आरोप पोलिस तपासात पुढे आला. त्याचा निर्णय न्यायालय देईल. व्यवसायाचा विद्यार्थी म्हणून मी वळते करून घेण्याच्या प्रक्रियेकडे पाहतो. त्यात प्रतिज्ञापत्र लागते, संमतीपत्र लागते, पावती लागते. सगळे कागद नीट असू शकतात. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे निम्म्याहून कमी किमतीला सोडणारी आई त्या संमतीपत्रावर सही करते, तेव्हा ती संमती खुशीची की हतबलतेची? तो कागद तयार करणाऱ्याला हे कळत नाही असे होत नाही.

कायदा मुळातच दुबळ्याकडे झुकलेला नसतो, तेव्हा वकिलावरची जबाबदारी वाढते. कापूस उत्पादकाचे उदाहरण घ्या. एखादी जिनिंग कंपनी शेतकऱ्यांचे पैसे थकवून बुडाली, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत शेतकरी हा व्यवहारी धनको ठरतो. कंपनीविरुद्ध अर्ज करण्यासाठी पूर्वी १ लाखाची थकबाकी पुरत होती. मार्च २०२० मध्ये ती मर्यादा १ कोटी झाली. ज्याचे तीन लाख अडकले, तो एकट्याने त्या दारात जाऊच शकत नाही. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर कलम ५३ च्या क्रमात कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात. शेतकरी मात्र सरकारी देण्यांच्याही मागे उभा असतो. आणि हे मिळण्यासाठीसुद्धा मुदतीत दावा दाखल करावा लागतो, ज्याची जाहीर सूचना शेतकऱ्याच्या नजरेला पडण्याचा संभव कमी. असा दावा भरून देणे ही वकिलाला दोन तासांची गोष्ट आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सामाजिक जबाबदारी म्हटले की कंपन्यांना कंपनी कायद्याचे कलम १३५ आठवते: ठरावीक आकारापुढच्या कंपनीने सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत. त्यातून शाळेच्या खोल्या झाल्या, पाणलोटाची कामे झाली, ते चांगलेच आहे. पण वकिलाची सामाजिक जबाबदारी त्या दोन टक्क्यांच्या वाटपात नाही. तो नफा ज्या कागदांमधून आला, ते कागद त्याने कसे लिहिले यात ती आहे. त्याच कायद्याचे कलम १६६(२) अधिक महत्त्वाचे आहे. संचालकाने सभासदांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचेही हित पाहावे, असे ते सांगते. संचालकांना हे कलम दाखवणे वकिलाचे काम आहे. ‘समाजाचे हित पाहा’ हा मग वकिलाचा भाबडेपणा उरत नाही, तो कायद्याचा सल्ला ठरतो.

कंपनी म्हणजे पाप, असे मी मानत नाही. खान्देशाने तरी तसे म्हणू नये. डिसेंबर १९४५ मध्ये अमळनेरसाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी नोंदवली गेली. तिचीच पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या साध्या कुटुंबांनी तिचे शेअर घेतले आणि सांभाळले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांची शिक्षणे झाली, घरे उभी राहिली. अनोळखी माणसांनी थोडे थोडे भांडवल एकत्र करून मोठे काम उभारण्याची ही व्यवस्था माणसाच्या उत्तम शोधांपैकी आहे. पण ती चालते विश्वासावर, आणि तो विश्वास लेखी स्वरूपात आणण्याचे काम वकिलाकडे असते.

‘मी नाही केले तर दुसरा करील,’ असे तरुण वकील मला म्हणतात. करीलही. पण दोन-तीन नामवंत वकिलांनी एखाद्या कलमाला नकार दिला, की तो नकार बँकांपर्यंत, हिशेब तपासनिसांपर्यंत पोहोचतो आणि कलम बदलते. या व्यवसायात बातमी फार लवकर पसरते. ‘निर्णय अशिलाचा, मी फक्त सल्ला देतो,’ असेही म्हटले जाते. मग तो सल्ला पूर्ण द्या. पुढे होणाऱ्या अन्यायाची, उद्या होणाऱ्या आंदोलनाची, न्यायालयात कलम टिकणार नसल्याची शक्यता लेखी द्या आणि प्रत फायलीत ठेवा. असा कागद नंतर अशिलाचेही रक्षण करतो.

व्यापारी वकिलीतून माणसे तोडायची नसतात हे दाखवणारा वकील आपल्याच देशात होऊन गेला. १८९३ साली मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला या व्यापारी पेढीच्या कामासाठी. दावा ४० हजार पौंडांचा, विरुद्ध बाजूला तय्यब शेठ, नात्यातलेच. गांधींनी हिशेबाचा कसून अभ्यास केला, अशिलाची बाजू भक्कम आहे याची खात्री करून घेतली आणि मग दोघांना लवादाकडे वळवले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. रक्कम एकदम भरावी लागली असती तर तय्यब शेठचे दिवाळे निघाले असते. गांधींनी आपल्याच अशिलाला राजी करून लांब मुदतीचे हप्ते बांधून दिले. अशिलाचे पैसे बुडाले नाहीत आणि समोरचाही उभा राहिला. अशिलाशी निष्ठा आणि समोरच्याची काळजी एकाच कामात बसतात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आणि लोकांना समजेल अशा भाषेत लिहिण्याचा दाखला तर तुमच्या तालुक्यातच दगडावर कोरलेला आहे. पाटणादेवीचा शिलालेख शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०७च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि त्याला दाने मिळाली, असा त्याचा विषय. राजांची आणि कुळाची प्रशस्ती संस्कृतात आहे. पण बाजारात उकललेल्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा भाग मठाला द्यायचा, प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल द्यायचे, हे सारे तेव्हाच्या मराठीत लिहिले आहे. गौरव पंडितांच्या भाषेत, बंधन मात्र व्यापाऱ्याच्या आणि तेल्याच्या भाषेत. आठशे वर्षांपूर्वी जे या तालुक्यात जमले, ते आज सौर प्रकल्पाच्या भाडेपट्ट्यात जमू नये?

म्हणून या सभागृहात बसलेल्या वकिलांकडे आणि होऊ घातलेल्या वकिलांकडे मी चार गोष्टी मागतो. एक, समोरच्याला वकील नसेल तर कंपनीच्या खर्चाने त्याला त्याच्या पसंतीचा स्वतंत्र वकील घेऊ द्या, आणि तोवर सही घेऊ नका. तालुका विधी सेवा समिती यासाठी मदत करू शकते. दोन, ज्या दस्ताने सामान्य माणूस बांधला जातो त्याला एक पानाचा मराठी सारांश जोडा: काय देतो आहोत, किती वर्षांसाठी, मोबदला किती आणि केव्हा, बाहेर पडायची वाट कोणती, तक्रार कुठे करायची. तो सारांश सातबाऱ्यावर नाव असलेल्या सर्वांसमोर, बायका आणि बहिणींसह, मोठ्याने वाचा आणि दस्ताची प्रत त्यांच्या हाती द्या. तीन, अन्यायाचे कलम दिसले की लेखी सांगा, ऐकले नाही तर वरच्या पायरीवर जा, तिथेही ऐकले नाही तर काम सोडा. चार, चाळीसगावच्या वकील संघाने महिन्यातून एक दिवस ठरवावा. त्या दिवशी पतसंस्थेचा ठेवीदार, बंद कारखान्याचा कामगार, पैसे अडकलेला कापूस उत्पादक यांचे दावा-अर्ज भरून द्यावेत. मुंबई-पुण्यात कंपन्यांचे काम करणारे आम्ही खान्देशातले वकील त्यासाठी आलो नाही, तर आम्हाला जाब विचारा.

यातली एकही गोष्ट नव्या कायद्याची वाट पाहत नाही. उद्या सकाळी कार्यालयात जो मसुदा तुमच्या टेबलावर येईल, त्याच्या पहिल्या वाचनात एक प्रश्न समासात लिहून ठेवा: या कागदाने बांधला जाणारा कोण माणूस इथे हजर नाही, आणि त्याच्या वतीने कोण बोलले? उत्तर मिळत नसेल, तर त्याच्या वतीने बोलणारे पहिले तुम्ही व्हा.